पाषाणभेदाचा उन्हाळा

पानाबाईला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती काही फार मोठी नव्हती. कागदावर, पुठ्ठ्यावर, पत्र्यावर, कशावर का होईना, 'प्रथम क्रमांक' असं छापलेलं असावं आणि त्याखाली तिचं नाव असावं. आता तुम्ही म्हणाल, बासष्टाव्या वर्षी हे काय खूळ? म्हणा बापडे. ज्याच्या नावाची पाटी नोकर रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो, त्याला हे कळायचं नाही.

कापडाच्या दुकानावर 'केशरीचंद अँड सन्स'. घराच्या दारावर केशरीचंद. कारंज्यातल्या धर्मशाळेत एक खोली बांधायला पानाबाईनं माहेरच्या बांगड्या काढून दिल्या, तर तिथं संगमरवरी पाटी बसली, 'श्री. केशरीचंद व परिवार'. पानाबाई त्या 'व परिवार'मध्ये होती. पाटी बसली त्या दिवशी ती हसत हसत सगळ्यांना पेढे वाटत फिरली आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त पंचफुलाला.

पंचफुला धनजची. जगदेव आणि ती, दोघं मिळून सात एकर कापूस-तूर करतात. वीस-बावीस वर्षांपूर्वी दिवाळीचं लुगडं घ्यायला दुकानात आली, चाळीस लुगडी उलगडायला लावली आणि एकही न घेता म्हणाली, "शेठ, तुमच्या दुकानात रंग हायेत, पसंत नाही." केशरीचंदचं तोंड कडू झालं. आत डबा घेऊन आलेली पानाबाई मात्र खो-खो हसली. तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलं. धनजहून एसटीनं कारंज्याला आली की पंचफुला आधी पानाबाईच्या ओट्यावर टेकायची, मग बाजार.

आता झाडाचं सांगतो.

तीन वर्षांमागे जिनेशनं आईबापाला मसुरीला नेलं होतं. बाकीचे बर्फ बघत होते आणि पानाबाई एका भिंतीकडे बघत होती. दगडी भिंतीच्या भेगेतून तळहाताएवढी गोल, जाड, लवदार पानं बाहेर आलेली, आणि त्यातून लालसर दांड्यावर गुलाबी फुलांचा झुबका. माती म्हणावी तर चिमूटभर नाही. तिथल्या रोपवाल्यानं नाव सांगितलं, पाषाणभेद. दोन पानांचं एक रोप तिनं विकत घेतलं आणि परतीच्या सगळ्या प्रवासात मांडीवर धरून बसली. केशरीचंद म्हणाला, "नातवंडाले इतकं नाही सांभाळलं कोणी."

आपल्या काळ्या मातीत कापूस येतो, हे कुठलं यायला? पानाबाईनं पसरट मातीची परळ घेतली, मुरूम घातला, बारीक गिट्टी घातली, भेगेसारखे दगड उभे रचले. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पानांच्या कडा करपायला लागल्या, तर स्वतः पिते तेच उकळून गार केलेलं पाणी घालायला लागली. पंचफुला म्हणायची, "झाडाले बी जैन करून टाकलं व तुनं!" हिवाळ्यात रोप हसलं. पण चैत्र लागला आणि बिचाऱ्यानं मान टाकली. कारंज्याचं ऊन म्हणजे काय सांगू, पत्र्यावर पापड भाजून निघतो. कूलरपुढे ठेवलं, माठाला टेकवून ठेवलं, काही उपयोग नाही. एक पान उरलं तेव्हा पंचफुला म्हणाली, "माह्याकडे दे. विहिरीत ठेवतो."

धनजच्या तिच्या शेतातली विहीर जुनी, दगडानं बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. बाहेर अंगाची लाही होत असली तरी खाली पाण्याजवळ पाठीवर काटा येतो. पंचफुलानं परळ पाण्याच्या लगेच वरच्या पायरीवर ठेवली. पाणी खाली गेलं की परळ एक पायरी खाली. पाऊस लागला, पाणी चढलं, की एक पायरी वर. असं रोज सकाळी जाऊन पाहायचं. चैत्र ते कार्तिक, दिवाळी होईपर्यंत. एक नाही, तीन उन्हाळे. मागच्या मे महिन्यात शेवाळावरून पाय सटकला, गुडघा आपटला, महिनाभर लंगडत चालली. परळ मात्र हातातून सोडली नाही. पानाबाईनं तिला हळदीचा लेप पाठवला आणि जिनेशजवळ निरोप दिला, "झाडाले लागलं तं नाही ना?"

असं आहे बघा. माणूस वाईट नसतं, पण झाडापायी असं बोलून जातं.

यंदा माघात वाशीमच्या एका बागप्रेमी मंडळानं वसंत पुष्पप्रदर्शन भरवायचं ठरवलं. गुलाब, शेवंती, निवडुंग, आणि एक वर्ग 'डोंगरी व थंड प्रदेशातील रोपे'. पानाबाईनं ते वाचलं आणि सुनेला हाक मारली. पाषाणभेदाला त्याच आठवड्यात दांडा फुटला होता. सून चंदना मोबाइलवर अर्ज भरायला बसली, पानाबाई समोर गहू निवडत होती.

"आई, नियम आहे. रोप कमीत कमी सहा महिने स्पर्धकाच्या स्वतःच्या देखभालीत पाहिजे. आहे ना?"

पानाबाईचा हात गव्हात थांबला. दिवाळी झाल्यावर रोप धनजहून आलं, म्हणजे तीन महिने. तिला सगळं ठाऊक होतं. विहीर ठाऊक होती, गुडघाही ठाऊक होता.

"हो," ती म्हणाली. "लिही. देखभाल, स्वतः."

चंदनानं टिचकी मारली आणि ती भाजी टाकायला उठली. पानाबाई पुढचा अर्धा तास तेच पसाभर गहू निवडत राहिली. पंचफुलाला सांगावं असं मनात आलं, पण काय सांगावं? फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "रविवारी प्रदर्शन हाय. तू बी चाल." पंचफुला इतकी हरखली की जगदेवला पंधरा वेळा सांगितलं, आपलं झाड वाशीमले चाललं.

नेमकी त्या रविवारी चौदस. पानाबाई आठम-चौदस पाळते. त्या दिवशी एकदाच जेवायचं, हिरवं खायचं नाही, चिरायचं नाही, तोडायचं नाही. आणि नियम म्हणजे पक्का. आपण करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही, आणि कुणी केलं तर त्याला बरं केलं असंही म्हणायचं नाही. सकाळी ती मंदिरात गेली तेव्हा परळ ओट्यावर तयार होती. पाच टपोरी पानं, मधोमध गुलाबी झुबका, एक फूल कमी नाही की जास्त नाही.

तेवढ्यात पहिल्या एसटीनं पंचफुला आली. झाड ओट्यावर, गाडी दारात, जिनेश हॉर्न वाजवून राहिला. आणि झाडाला ना हळद ना कुंकू! आता पंचफुलाच्या घरी बैल पोळ्याला निघो, ट्रॅक्टर पहिल्यांदा शेतात जावो, नाहीतर नात निकिता दहावीच्या पेपरला निघो, कपाळ मोकळं ठेवून कुणी उंबरा ओलांडत नाही. तिनं पिशवीतली डबी काढली. तेलात कालवलेलं कुंकू. परळीच्या काठाला पाच बोटं लावली, मग हात जोडले, मग वाटलं, अरे, झाडाला तर लावलंच नाही. म्हणून सगळ्यात मोठ्या, पुढच्या पानाला मधोमध एक चांगलं ठसठशीत बोट ओढलं. वरून ओली मलमल झाकली आणि परळ मांडीवर घेऊन गाडीत बसली.

पानाबाई मंदिरातून थेट गाडीत येऊन बसली. मलमल उचलून बघायचं तिला सुचलं नाही, वारं लागेल म्हणून.

वाशीमला मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. प्रत्येक जागेवर छापील पुठ्ठा उभा. पानाबाईला आपला सापडला. 'सौ. पानाबाई केशरीचंद जैन, कारंजा.' नवऱ्याचं नाव मधे होतंच, पण आधी तिचं होतं, जाड अक्षरात. तिचे डोळे भरले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. पंचफुलाही वाचत होती. ती सातवीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. नाव वाचून ती हसली. मग बोट खालच्या ओळीवर गेलं, 'देखभाल : स्वतः.' बोट तिथंच राहिलं. पानाबाईचं लक्ष कुठं होतं?

शेजारच्या टेबलावर वाशीमजवळच्या मालेगावचा अश्वजित मास्तर होता. त्याचं रोप म्हणजे जाड पानांचं, हिरव्या गुलाबासारखं गुबगुबीत, बर्फाळ डोंगरावरचं. उन्हाळ्यात तो ते फ्रिजमध्ये ठेवायचा. "बायको म्हणते, काकू, या घरात भाजीले जागा नाही अन् सवतीले आहे," तो म्हणाला. पानाबाई हसली आणि हसता हसता तिनं मलमल उचलली.

आणि हसू गेलं.

मोठ्या पानाच्या मधोमध लाल भडक पट्टा. तिनं घाईघाईनं रुमाल ओला करून पुसलं. गुळगुळीत पान असतं तर निघालं असतं. हे लवदार पान, बारीक केसांचं, त्यात तेलाचं कुंकू. पट्ट्याचा डाग झाला, डागाचा गुलाबी चिखल झाला.

"हे कोणं केलं?"

"म्या लावलं व," पंचफुला म्हणाली. "घरून निघताना."

अश्वजित भला माणूस. त्यानं आपली छोटी कात्री पुढं केली. "काकू, ते एक पान बुडातून काढून टाका. मागचं पुढं वळवू. अजून दहा मिनिटं आहेत, परीक्षक गुलाबापाशीच आहेत."

पानाबाईनं कात्रीकडे पाहिलं. "आज चौदस हाय."

"तं आण, मी कापतो," पंचफुला म्हणाली. "तू तिकडे तोंड कर."

"करवायचं बी नसते. तुले माहीत हाय." आणि मग दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं सगळंच एकदम अंगावर आलं, सकाळपासूनचा उपास, वर्षानुवर्षांची हौस, समोरून येणारे परीक्षक. पानाबाईचा तोल गेला. चार माणसांत ओरडली, "तुले कोणं सांगतलं होतं? माह्या झाडाले हात कायले लावला? चार बुकं शिकली असती तं इतकं तं समजलं असतं! सत्यानाश केला माह्या झाडाचा!"

अश्वजितनं कात्री खिशात घातली आणि आपल्या रोपाकडे तोंड केलं.

पंचफुलानं पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

"वाचता येते मले, पानाबाई. तितकं शिकली मी. देखभाल, स्वतः. स्वतः म्हंजे तू ना?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "तीन उन्हाळे मी तुह्यं झाड पायरी-पायरीनं खाली नेलं, पायरी-पायरीनं वर आणलं. ते बी जाऊ दे. पण एक सांग. झाडाचं पान कापायले चौदस आड येते तुह्या. माह्यं नाव कापलं त्या दिवशी कोणती तिथी होती?"

एवढं बोलून तिनं पिशवी उचलली आणि बाहेर गेली.

पानाबाई उभी राहिली. पाठीमागून कुणीतरी कानाखाली वाजवावी तशी. बाहेर जावं तर परीक्षक दोन टेबलांवर आले होते.

परीक्षक बाई अकोल्याच्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात चष्मा. त्या परळीपाशी आल्या आणि थांबल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. सोबतच्या लिहून घेणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "अगं, पाषाणभेद! फुलावर! वाशीम जिल्ह्यात!" त्या वाकल्या, दगडांची रचना पाहिली, दांडा पाहिला, पानाखाली बोट घालून पाहिलं. मग डागावर आल्या. "हे कुंकू?"

"हो," पानाबाई म्हणाली. "घरून निघताना लावलं."

बाई हसल्या. "माझी आई आमच्या तुळशीच्या पानापानाला लावायची. डागाचा एखादा गुण जाईल, त्याचं काही नाही. रोप निरोगी आहे." आणि मुलीला हळूच म्हणाल्या, पण पानाबाईला ऐकू गेलं, "हा पहिला धर."

पहिला! जिच्यासाठी जीव टांगला होता ती गोष्ट हातभर अंतरावर आली. ज्या डागापायी तिनं पंचफुलाला चारचौघांत फाडून खाल्लं, त्या डागाची किंमत एक गुण.

"एकच सांगा," परीक्षक बाईंनी विचारलं, अगदी कौतुकानं. "आपल्याकडे पंचेचाळीस डिग्री जातं. मला अकोल्यात तीनदा लावून जगवता आलं नाही. तुम्ही उन्हाळ्यात कसं जगवता?"

उत्तर सोपं होतं. विहिरीत ठेवते म्हटलं असतं की झालं. कुणाची विहीर हे कुणी विचारलं नव्हतं. पानाबाईनं तोंड उघडलं. पुठ्ठ्यावरचं आपलं नाव तिला दिसत होतं, जाड अक्षरातलं. ते नाव पाहून सकाळी डोळे भरले होते आणि आता तिकडे बघवत नव्हतं. काय सांगू तुम्हाला, मोह काही सुटत नव्हता. पण बाहेर पायरीवर बसलेल्या पंचफुलाची पाठ दारातून दिसत होती, आणि ती पाठ हलत होती.

"मी नाही जगवत," पानाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"चैत्रापासून दिवाळीपर्यंत ते धनजले असते. पंचफुला जगदेव नावाची बाई हाय, तिच्या विहिरीत. तीच जगवते. कुंकू बी तिनंच लावलं. माह्याकडे येऊन तीनच महिने झाले. मी..." इथं तिचा आवाज फाटला, तरी ती बोलली. "म्या अर्जावर खोटं लिवलं."

लिहून घेणाऱ्या मुलीची पेन्सिल थांबली. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटलं, हे दिसत होतं. "अहो, मग मला हे स्पर्धेत धरता यायचं नाही. नियम माझा नाही, पण आहे. प्रदर्शनात राहू द्या हं, लोकांना बघू द्या."

पुठ्ठा उचलला गेला. त्या जागी 'केवळ प्रदर्शनासाठी' असा कागद आला, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. पहिला क्रमांक फ्रिजमधल्या सवतीला मिळाला. अश्वजित बिचारा इतका ओशाळला की टाळ्या सुरू असताना पानाबाईच्याच पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या वाजवल्या मात्र नाहीत, तेवढं मोठं मन तिला त्या वेळी करता आलं नाही.

मग ती बाहेर गेली आणि पायरीवर पंचफुलाशेजारी बसली. वाशीमचं बाराचं ऊन. दोघींनी पदर डोक्यावर घेतले.

"भेटला काय नंबर?" शेवटी पंचफुलानंच विचारलं.

"नाही."

पंचफुला एकदम वळली. डोळे लाल झालेले. "कुंकवापायी? पानाबाई, माय शप्पथ, मले माहीत असतं तं..."

"कुंकवाचा एकच गुण होता. पहिला भेटलाच होता." पानाबाईनं नाक पुसलं. "म्या सांगतलं त्यायले. तुह्याकडे असते म्हणून. अर्जात खोटं लिवलं म्हणून."

"येडी हायस काय व!" पंचफुलानं कपाळावर हात मारला. "हातात आलेला नंबर फेकला? काहून?"

"तूच तं म्हटलं, माह्यं नाव कापलं."

"भांडणात म्हटलं ना! भांडणात माणूस काहीबी बोलते." मग ती थांबली. हातातल्या पिशवीचा बंद तिनं एकदा गुंडाळला, सोडला. "मले कायले पाहिजे होतं नाव? माह्या वावरात कोण येते पुठ्ठा वाचाले? धर्मशाळेच्या पाटीपायी तू माह्यापाशी रडली, ते काय मी विसरली? तू मले इतकंच इचारलं असतं ना, की पंचफुले, सहा महिने माह्याकडे असते असं लिवून राह्यली मी, चालते काय, तं म्याच म्हटलं असतं, लिही बाई, बिनधास्त लिही. जगदेवले बी म्हटलं असतं, कोणी इचारलं तं गप राहा." तिनं पानाबाईकडे पाहिलं. "नावाचं नाही लागलं मले. तू इचारलं नाही."

पानाबाईला रडू आलं, आणि या वेळी नळ सोडायला मोरी नव्हती. येणारी-जाणारी माणसं बघत होती. ती बसल्या जागी रडली. आतून ध्वनिक्षेपकावर शेवंतीच्या वर्गाचे नंबर पुकारत होते. पंचफुलानं तिला उगी केलं नाही, पण उठूनही गेली नाही.

रडणं ओसरल्यावर पानाबाईनं तोंड पुसलं. तीन वर्षं तिनं झाड जिनेशच्या गाडीतून धनजला पाठवून दिलं होतं, निरोप देऊन, जसं धोब्याकडे गाठोडं पाठवावं. तिला आता तेही आठवलं.

"पंचफुले," ती म्हणाली, "चैत्रात झाड नेशीन काय? तुह्या गुडघ्याले जमत असंन तं. नाही म्हटलं तरी चालते."

उन्हात डोळे बारीक करून पंचफुला रस्त्याकडे बघत राहिली.

"सोचून सांगतो," ती म्हणाली.